खुर्ची निवडावी पायथ्याकडून

मधुमेहींच्या पायांवर उपचार करणारे स्वतंत्र दवाखाने आता महाराष्ट्रातील मोठ्या शहरांना अपरिचित राहिलेले नाहीत. वैद्यकीय परिभाषेत त्यांना ‘पोडियाट्री क्लिनिक’ म्हटले जाते. एखादा मधुमेहतज्ज्ञ आपल्या रुग्णालयातील एक खोली त्यासाठी राखून ठेवतो, तर एखादा शल्यचिकित्सक स्वतंत्र जागा घेतो. असा दवाखाना उभारताना पायातील रक्तप्रवाह तपासणारा डॉप्लर, तळव्यावरील दाब मोजणारे यंत्र, जखम साफ करण्याची हत्यारे यांचा बारकाईने विचार होतो. ज्यावर रुग्णाला बसवून हे सारे करायचे, त्या खुर्चीची पाळी मात्र बरेचदा शेवटी येते. मग उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या जागेत बसेल अशी एखादी खुर्ची आणली जाते किंवा जुन्या तपासणी टेबलावरच काम भागवले जाते.

वरवर पाहता हा प्रश्न फर्निचरचा वाटतो. प्रत्यक्षात तो रोगनिदानाचा आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. आयसीएमआरच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह झालेल्या व्यक्तीच्या पायाला आयुष्यात कधी ना कधी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असल्याचे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. अशा जखमा बहुधा तळव्याला, टाचेला किंवा बोटांच्या बेचक्यात होतात. पायाची संवेदना गेलेली असल्याने रुग्णाला त्या कळत नाहीत. त्या डॉक्टरांनाच दिसाव्या लागतात आणि त्या दिसतात की नाही, हे पुष्कळ अंशी पाय कोणत्या उंचीवर व कोणत्या कोनात ठेवला आहे यावर ठरते.

साधे टेबल अपुरे का पडते?

सर्वसाधारण दवाखान्यातील तपासणी टेबल हे पोट, छाती, पाठ तपासण्यासाठी बनवलेले असते. डॉक्टर रुग्णाच्या कुशीला उभे राहतात आणि वरून पाहतात. पायाच्या दवाखान्यात हे चित्र पूर्णपणे उलटे असते. येथे डॉक्टर रुग्णाच्या उशाशी किंवा कुशीला नव्हे, तर पायथ्याशी बसतात. त्यांना पायाचा वरचा भाग नव्हे, तर तळवा समोरून पाहायचा असतो. टाचेच्या भेगा, बोटांमधील चिखल्या, अंगठ्याच्या मांसात रुतलेले नख, चवड्याखाली धरलेला घट्टा, जोडव्याखाली दडलेली लालसर जागा या गोष्टी वरून पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतात.

शिवाय हे काम झटपट उरकणारे नसते. घट्टा पात्याने थराथराने तासावा लागतो, जाड झालेली नखे कापून घासावी लागतात, जखमेतील मृत पेशी काढाव्या लागतात. एका रुग्णाला अर्धा तास सहज लागतो. टेबल ठरावीक उंचीचे असेल तर तेवढा वेळ डॉक्टरांना मान खाली घालून, कंबरेत वाकून बसावे लागते. दिवसाला आठ-दहा रुग्ण पाहिल्यावर संध्याकाळच्या रुग्णाच्या वाट्याला थकलेली मान आणि थरथरता हात येणार हे उघड आहे. हातातील पाते धारदार असते आणि समोरच्या पायाला वेदना कळत नसते, तेव्हा या थकव्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते.

उसनी खुर्ची आणि तिचे धोके

खर्च वाचवण्यासाठी अनेकदा दोन पर्याय सुचवले जातात. पहिला पर्याय दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीचा. ही खुर्ची वर-खाली होते, मागे कलते, तिला दिवाही असतो. परंतु तिची रचना उशाशी बसून काम करणाऱ्यासाठी केलेली असते. डॉक्टरांचे गुडघे आत जावेत म्हणून डोक्याकडील बाजू खालून मोकळी ठेवलेली असते, तर पायाकडील भाग बहुधा सलग, एकसंध असतो. एक पाय वर आणि दुसरा खाली असे त्यात करता येत नाही. पायथ्याशी स्टूल घेऊन बसलेल्या डॉक्टरांचे गुडघे खुर्चीच्या बैठकीवर आपटतात. परिणामी ते दूर बसतात, हात लांबवतात आणि खुर्ची असूनही वाकणे काही चुकत नाही.

दुसरा पर्याय सौंदर्यप्रसाधन केंद्रातील पेडिक्युअरच्या खुर्चीचा. तिच्या पायथ्याशी पाण्याचे टब जोडलेले असते आणि ते दिसायला आकर्षक असते. उपचारासाठी मात्र ही खुर्ची अयोग्यच म्हटली पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००० साली एका नखप्रसाधन केंद्रातील अशा फिरत्या पाण्याच्या टबांमुळे शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांना चिवट गळवे झाली होती. पाणी आत ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि त्वचेचा मळ साचून तेथे मायकोबॅक्टेरियम वर्गातील जंतू वाढल्याचे तपासात आढळले. ही सारी माणसे मधुमेहाची रुग्ण नव्हती. ज्यांची जखम मुळातच भरून येत नाही त्यांच्या बाबतीत अशा संसर्गाचा परिणाम किती गंभीर होईल, याची कल्पना यावरून यावी. मधुमेही रुग्णांनी पाय पाण्यात भिजवत ठेवू नयेत, असेच तज्ज्ञांचे मार्गदर्शन असल्याने उपचाराच्या खुर्चीला टबाची गरजही नसते.

पहिला निकष उंचीचा

पोडियाट्रीसाठी बनवलेल्या खुर्चीची जाहिरात पाहताना नजर गादीच्या जाडीकडे, रंगाकडे आणि मोटारींच्या संख्येकडे जाते. वास्तविक पहिले दोन आकडे पाहावेत ते खुर्चीच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या उंचीचे.

खालची उंची रुग्णासाठी असते. घरातील जेवणाच्या टेबलाची खुर्ची जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असते, तर चाकाच्या खुर्चीची बैठक साधारणतः ५० सेंटिमीटरच्या आसपास असते. उपचाराची खुर्ची ४५ ते ५० सेंटिमीटरपर्यंत खाली येत असेल तर गुडघे धरलेल्या आजीबाई, एका पायाला प्लास्टर घातलेला रुग्ण किंवा चाकाच्या खुर्चीतून आलेली व्यक्ती फारशा मदतीशिवाय तिच्यावर बसू शकते. काही स्वस्त खुर्च्या ६० सेंटिमीटरच्या खाली उतरतच नाहीत. अशा वेळी पायरीचे स्टूल ठेवले जाते. परंतु ज्याला आपला पाय जमिनीवर नेमका कोठे टेकला हेच कळत नाही, त्याला स्टुलावर चढवणे म्हणजे पडण्याला निमंत्रण होय.

वरची उंची डॉक्टरांसाठी असते. ते स्टुलावर ताठ बसलेले असताना, कोपरे शरीराजवळ ठेवून, रुग्णाचे पाऊल दोन्ही हातांत धरता यावे एवढी ती हवी. उभे राहूनही काम करायचे असेल तर बैठक ८५ ते ९५ सेंटिमीटरपर्यंत वर जाणे सोयीचे ठरते. एकाच दवाखान्यात वेगवेगळ्या उंचीचे दोन-तीन जण काम करीत असतील तर सर्वांत उंच व्यक्तीने बसून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. खुर्चीबरोबरच वर-खाली होणारे, पाठीला आधार देणारे स्टूलही घ्यावे. चांगल्या खुर्चीसमोर प्लॅस्टिकचे ठरावीक उंचीचे स्टूल मांडले तर अर्धा फायदा वाया जातो.

दोन पायांना दोन आधार

पायाचा आधार दुभागलेला असणे आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे हलवता येणे, हे या खुर्चीचे खरे वैशिष्ट्य होय. एका पायावर काम सुरू असताना दुसरा पाय खाली किंवा बाजूला करता आला तर डॉक्टरांना घोट्याच्या आतील बाजूपर्यंत पोहोचता येते. पायावरील भार कमी करण्यासाठी प्लास्टर चढवायचे असते तेव्हा गुडघा काटकोनात वाकवून धरावा लागतो. सलग आधाराच्या खुर्चीत ते अवघड जाते. आधाराची लांबीही कमी-जास्त करता आली पाहिजे. पाच फुटांच्या स्त्रीचे आणि सहा फुटांच्या पुरुषाचे पाऊल एकाच ठिकाणी येत नाही. पाऊल आधाराच्या टोकाबाहेर थोडे निघाले तरच टाच आणि तळवा चहूबाजूंनी मोकळा मिळतो.

येथे एक धोका फारसा लक्षात घेतला जात नाही. संवेदना गेलेला पाय अर्धा तास एखाद्या कठीण कडेवर टेकून राहिला तरी रुग्ण तक्रार करीत नाही. निरोगी माणूस दर दोन-चार मिनिटांनी नकळत पाय हलवतो, हा रुग्ण हलवत नाही. ज्या खुर्चीवर जखम बरी करायची, तिच्याच आधाराने टाचेला किंवा पोटरीला नवी जखम व्हावी, हा प्रकार अशक्य नाही. म्हणून आधाराची गादी पोटरीखाली रुंद आणि मऊ असावी, तिच्या कडा गोलाकार असाव्यात, टाच कोठेही टेकू नये. खरेदीपूर्वी डॉक्टरांनी स्वतः अनवाणी होऊन वीस मिनिटे त्या आधारावर पाय ठेवून पाहावे. त्यांना जे टोचेल ते रुग्णाला टोचणार नाही, पण इजा मात्र करील.

दुभागलेल्या आधाराला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. साडी नेसलेल्या स्त्रीचे पाय वेगवेगळ्या उंचीवर ठेवले की तिला संकोच वाटतो. त्यासाठी पांघरायला धुतलेली चादर जवळ असावी आणि खुर्चीचा पायथा दाराकडे येणार नाही अशी मांडणी करावी. डॉक्टरांनी आपल्या पायांना हात लावणेही अनेक वृद्धांना अवघड वाटते. पाय डॉक्टरांच्या छातीच्या उंचीवर आल्यावर ते तो मागे ओढून घेतात. असे करणे का आवश्यक आहे हे दोन शब्दांत आधी सांगितले तर पुढचे काम सुकर होते.

पाठीचा कल आणि रक्तप्रवाह

पाठ मागे कलणे ही केवळ आरामाची सोय नव्हे. मधुमेही पायाविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ‘आयडब्ल्यूजीडीएफ’ या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पायांची तपासणी रुग्ण झोपलेला असताना आणि उभा असताना अशी दोन्ही प्रकारे करावी, असे सुचवले आहे. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढून पायाचा रक्तपुरवठा तपासला जातो. ती चाचणी रुग्णाला काही मिनिटे आडवे झोपवूनच करायची असते. खुर्ची पूर्ण सपाट होत नसेल तर त्यासाठी दुसरे टेबल ठेवावे लागते आणि लहान जागेत ते परवडत नाही.

संवेदना तपासण्यासाठी वापरला जाणारा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट हा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवताना रुग्णाला तो दिसता कामा नये, अन्यथा तो पाहून उत्तर देतो. पाठ अर्धवट मागे कललेली असली की ही अट आपोआप पाळली जाते. एरवी रुग्णाला डोळे मिटायला वारंवार सांगावे लागते.

मात्र प्रत्येक रुग्णाला सपाट झोपवता येत नाही. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाला आडवे होताच धाप लागते. त्याची पाठ उभी ठेवून केवळ पाय वर घेता आले पाहिजेत. याउलट ज्याच्या पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत, त्याला पाय उंच केल्यावर वेदना वाढतात आणि खाली सोडल्यावर बरे वाटते. अशा रुग्णाचा पाय हृदयाच्या पातळीच्या वर दीर्घकाळ ठेवणे हितावह नसते. त्यामुळे पाठ, बैठक आणि पाय हे तिन्ही भाग एकमेकांवर अवलंबून न राहता हलवता येणे महत्त्वाचे ठरते. एका बटणाने तिन्ही भाग एकदम हलवणारी खुर्ची दालनात छान दिसते, पण या दोन्ही रुग्णांची गैरसोय करते.

नखाची लहान शस्त्रक्रिया करताना किंवा भुलीची सुई टोचताना काही जणांना भोवळ येते. तेव्हा डोके खाली आणि पाय वर अशी स्थिती काही क्षणांत साधता आली पाहिजे. मोटारीवर चालणाऱ्या खुर्चीत यासाठी किती सेकंद लागतात, हे घड्याळ लावून पाहणे योग्य ठरते.

मोटार की पायाचा पंप?

विजेवर चालणाऱ्या खुर्चीत एकापासून चार-पाचपर्यंत मोटारी असतात. मोटारी जितक्या अधिक, तितके भाग बटणाने हलतात आणि तितकीच बिघाडाची ठिकाणेही वाढतात. मध्यम आकाराच्या दवाखान्यासाठी उंची, पाठ आणि बैठकीचा कल यांना मोटारी आणि पायाच्या आधारांना हाताने हलवायची सोय, असा मेळ पुरेसा होतो. हाताने हलणारा आधार खटका सोडताच धाडकन खाली येत नाही ना, हे मात्र वजन ठेवून तपासावे.

अशा मोटारी अखंड चालण्यासाठी नसतात. साधारणतः दोन मिनिटे चालल्यानंतर अठरा मिनिटे विश्रांती, असे त्यांचे प्रमाण दिलेले असते. रुग्णांची रीघ लागलेल्या दवाखान्यात खुर्ची सारखी वर-खाली होत असेल तर हे प्रमाण विचारून घ्यावे. वीज गेल्यावर वर असलेला रुग्ण खाली कसा उतरणार, हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे. काही खुर्च्यांना त्यासाठी बॅटरी असते, काहींना हाताने फिरवायची कळ असते, काहींना काहीच नसते. ज्या गावांत वीज वारंवार जाते, तेथे पायाने दाबायच्या हायड्रॉलिक पंपाची खुर्ची अधिक भरवशाची ठरते. तिची हालचाल हळू असते आणि तेलगळतीकडे लक्ष ठेवावे लागते, एवढेच.

पायाने दाबायचे बटण डॉक्टरांचे हात मोकळे आणि निर्जंतुक ठेवते. परंतु स्टुलाचे चाक चुकून त्यावर चढले तर खुर्ची आपोआप खाली येते आणि तिच्याखाली कोणाचे पाऊल किंवा एखादे लहान मूल सापडू शकते. म्हणून बटण बंद ठेवण्याची कुलपासारखी सोय असलेली खुर्चीच घ्यावी.

किती वजन पेलते, याचा आकडा वाचतानाही सावध राहावे. तो आकडा बैठकीवरील वजनाचा असतो, टोकावरील नव्हे. अनेक रुग्ण उतरताना सरकत सरकत पायाच्या आधारावर येऊन बसतात. त्या वेळी खुर्ची पुढे कलंडते का, हे आधीच पाहून ठेवावे. १५० किलोपेक्षा कमी क्षमतेची खुर्ची घेऊ नये आणि स्थूल रुग्ण अधिक येत असतील तर २०० किलोच्या पुढची क्षमता पाहावी.

रेक्झिन, धूळ आणि कचरा

पायाच्या दवाखान्यातील खुर्चीवर रक्त, पू, त्वचेचे कण आणि नखांचा भुगा रोज पडतो. म्हणून गादीचे आवरण हा सौंदर्याचा विषय उरत नाही. शिवण, बटणे, चुण्या आणि खाचा जितक्या कमी, तितकी स्वच्छता सोपी. साधे रेक्झिन वर्ष-दोन वर्षांत तडकते, मग त्याला चिकटपट्टी लावली जाते आणि त्या पट्टीखाली घाण साचते. न शिवलेले, उष्णतेने जोडलेले आवरण महाग पडते, तथापि ते अधिक काळ टिकते. कोणत्या जंतुनाशकाने पुसायचे, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. क्लोरीनयुक्त द्रावण तीव्र असेल तर ते जंतूंबरोबर आवरणही खाते. गादीचे भाग सुटे करता येत असतील आणि प्रत्येक सुटा भाग नंतर विकत मिळत असेल तर खुर्चीचे आयुष्य वाढते.

यंत्राने नख घासताना उडणारी धूळ डॉक्टरांच्या श्वासात जाते. बुरशी लागलेल्या नखांची ही धूळ या व्यवसायातील जुना आणि मान्य झालेला धोका आहे. त्यामुळे धूळ शोषून घेणारे यंत्र ठेवायला पायथ्याशी जागा असावी आणि खुर्ची नेमकी छताच्या पंख्याखाली नसावी. पंखा ती धूळ खोलीभर पसरवतो. वापरलेली पाती आणि रक्ताळलेला कापूस यांची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वेगवेगळ्या डब्यांत करावी लागते. पात्यांसाठी न फुटणारा पांढरा डबा आणि कापसासाठी पिवळी पिशवी डॉक्टरांच्या हाताशी येईल अशी मांडणी खुर्ची घेतानाच ठरवावी.

दहा बाय बाराच्या खोलीचे गणित

शहरातील दवाखान्याच्या खोलीचे माप अनेकदा दहा बाय बारा फूट असते. बारा फूट म्हणजे सुमारे ३६५ सेंटिमीटर. सपाट केलेली खुर्ची साधारण १९० सेंटिमीटर जागा घेते. पाठ मागे कलताना भिंतीला लागू नये म्हणून उशाकडे वीसेक सेंटिमीटर सोडावे लागतात आणि पायथ्याशी डॉक्टर व त्यांचे स्टूल यांना किमान १०० सेंटिमीटर हवेत. ही बेरीज ३१० होते, म्हणजे उरतात जेमतेम ५५ सेंटिमीटर. रुंदीच्या बाजूने ३०५ सेंटिमीटरपैकी खुर्ची ७० घेते. चाकाची खुर्ची शेजारी लावण्यासाठी एका बाजूला ९० सोडले की दुसऱ्या बाजूला हात धुण्याचे बेसिन आणि हत्यारांचे कपाट मावते. याचाच अर्थ, खुर्ची खोलीच्या लांबीत बसवली तर काम होते आणि रुंदीत बसवली तर पायथ्याची जागाच संपते. खडूने जमिनीवर ही मापे आखून, त्यात स्टूल ठेवून पाहिले तर बरेच गैरसमज दूर होतात.

जुन्या इमारतींत आणखी एक अडचण असते. विजेवर चालणाऱ्या खुर्चीचे वजन शंभर किलोच्या घरात जाते आणि जिन्याचे वळण किंवा दाराची चौकट अरुंद असते. खुर्ची सुट्या भागांत येते की जोडून येते आणि वर चढवण्याची जबाबदारी कोणाची, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

कागदपत्रे आणि सुटे भाग

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असून, त्यांना २०१७ ची वैद्यकीय उपकरण नियमावली लागू होते. त्यामुळे उपचाराची खुर्ची म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या उत्पादकाचा किंवा आयातदाराचा नोंदणी क्रमांक मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. विजेच्या खुर्चीसाठी ‘आयईसी ६०६०१’ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्रही पाहावे. सलूनची खुर्ची रंग बदलून विकली जात असेल तर या दोन कागदांपाशीच ते उघड होते. दवाखान्यातील विजेच्या जोडणीला योग्य अर्थिंग असणे, ही जबाबदारी मात्र डॉक्टरांची असते.

आयात केलेल्या खुर्चीची मोटार बिघडली तर सुटा भाग किती दिवसांत येईल आणि तो बसवणारा माणूस त्याच शहरात आहे का, हे हमीच्या वर्षांइतकेच महत्त्वाचे आहे. महिनाभर बंद राहिलेली उत्तम खुर्ची ही चालू असलेल्या साध्या खुर्चीपेक्षा निरुपयोगी असते.

पैसे कमी असतील तर

पायाच्या सेवेचा आरंभ महागड्या खुर्चीपासूनच झाला पाहिजे, असे मुळीच नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेतलेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमात डॉक्टर आणि त्यांच्यासोबत एक परिचारिका किंवा सहायक, अशा जोड्यांना साध्या साधनांनिशी पायांची निगा राखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. भारत आणि टांझानियात राबवलेल्या या उपक्रमाने तपासण्याची सवय यंत्राआधी लागली पाहिजे, हेच दाखवून दिले.

त्याच न्यायाने, पैसे मर्यादित असतील तर कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही याचा क्रम लावता येतो. उंची कमी-जास्त होणे, पायाचे आधार दुभागलेले असणे, पायथा खालून मोकळा असणे आणि आवरण पुसता येणे, या चार गोष्टींत तडजोड करू नये. स्थिती लक्षात ठेवणारी बटणे, गादीला ऊब देणारी तार, खुर्चीलाच जोडलेला दिवा, रंगांची निवड या गोष्टी सोडून देता येतात. दिवा वेगळा, चाकांवरचा घेतला तर तो उलट अधिक उपयोगी पडतो. शिबिरांसाठी बाहेर जावे लागत असेल तर घडीची खुर्ची वेगळी घ्यावी. दवाखान्यातील खुर्ची हलवत राहिल्यास तिचे सांधे ढिले होतात.

विक्रेत्याच्या दालनात ग्राहकाला बहुधा आधी खुर्चीवर बसवले जाते आणि मऊ गादीवर पाठ टेकली की खरेदीचा निर्णय अर्धा झालेला असतो. डॉक्टरांनी तेथे क्रम बदलावा. सोबत आलेल्या कोणा ज्येष्ठ व्यक्तीला आधाराशिवाय खुर्चीवर चढायला सांगावे, तिची चप्पल काढून पाय आधारावर ठेवावेत आणि स्वतः स्टूल ओढून पायथ्याशी बसावे. मान न वाकवता दोन्ही टाचा, दोन्ही तळवे आणि दहाही बोटांच्या बेचक्या दिसल्या, तर किंमत विचारायला हरकत नाही. एकही टाच पाहण्यासाठी वाकावे लागले, तर ती खुर्ची कितीही स्वस्त असली तरी तेथेच ठेवून पुढच्या दुकानात जावे.